पावसाळा, गजकर्ण आणि त्वचेचा वरचा थर

जून सरता सरता पुण्यात दोरीवरचे कपडे वाळेनासे होतात आणि रेनकोटाच्या आत घामेजलेल्या अंगाने दुचाकीवर तासभर अडकलेल्या लोकांच्या जांघेत, काखेत गजकर्ण डोके वर काढते. लालसर कडेला बारीक पुरळ व कोंडा आणि मध्यभाग मात्र बरा झाल्यासारखा, असे त्याचे कडे हळूहळू बाहेर पसरत जाते.

गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग. या बुरशीचे अन्न केराटिन, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरात, केसांत आणि नखांत असणारे चिवट प्रथिन. बाह्यत्वचेच्या तळाशी तयार होणाऱ्या पेशी वर सरकत केराटिनने भरतात, मरतात आणि साधारण ४ आठवड्यांत झडून जातात. या मृत थरातच बुरशी राहते. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. त्या खालच्या अंतस्त्वचेत, घर्मग्रंथी आणि केसांच्या मुळांच्या सोबतीने असतात. म्हणजे आपल्याला दिसणारी लाली ही बुरशी नसून तिच्याविरुद्ध खालून उठलेली शरीराची प्रतिक्रिया असते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम नेमकी ही प्रतिक्रिया दडपते. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशीला रान मोकळे मिळते. पुढे कड्याची कड पुसट होते, त्वचा पातळ पडते, जांघेत कायमचे व्रण उमटतात. निदानासाठी मग डॉक्टरांना त्वचा खरवडून तो कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. अशी मलमे शेजाऱ्यांना सुचवण्याची आपली हौस मला तरी घातक वाटते.

खरजेचा किडाही याच वरच्या थरात बोगदे खणतो आणि रात्री बोटांच्या बेचक्यांत जीव नकोसा करतो. सोरायसिसमध्ये मात्र जंतू नसतो. प्रतिकारशक्तीच्या गोंधळामुळे पेशी आठवड्याच्या आतच वर येऊन खवल्यांसारख्या साचतात. कोडात बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या रंगपेशी नष्ट होतात. हे दोन्ही विकार स्पर्शाने पसरत नाहीत, तरीही लग्न जमवताना कोडाची कुजबुज विद्येच्या माहेरघरातही होते, याची लाज वाटायला हवी.

गजकर्ण मात्र घरभर फिरते, म्हणून टॉवेल वेगळा ठेवावा, घरात आणखी कोणाला चट्टे असल्यास त्यांनाही सोबतच डॉक्टरांकडे न्यावे, डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध चालू ठेवावे आणि दमट राहिलेले कपडे उलटे करून, शिवणीवर कडक इस्त्री फिरवल्याशिवाय घालू नयेत.