स्वतःच्या जबाबदारीवर

अतिदक्षता विभागाच्या काउंटरवर एक छापील फॉर्म असतो. 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहोत, पुढे काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर व रुग्णालय जबाबदार राहणार नाही.' खाली नाव, नातं, सही, वेळ. आमच्या बोलीत त्याला 'डामा' म्हणतात, 'डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस'चं लघुरूप. पैसे संपले, आशा संपली, किंवा म्हाताऱ्या माणसानं आपल्या घरात जीव सोडावा असं वाटलं, की नातेवाईक तो फॉर्म भरतात. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कुणीतरी अम्बू बॅग, म्हणजे हातानं श्वास देण्याची पिशवी, दाबत बसतं. घरी पोचल्यावर, पुष्कळदा वाटेतच, घशातली नळी निघते. तिथं मॉर्फिन नसतं, झोपेचं औषध नसतं, डॉक्टर नसतो.

जीवरक्षक उपचार थांबवावेत की नाही, यावर आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं खल झाला. पण गावोगावच्या आयसीयूंमध्ये ते खरोखर थांबतात ते या फॉर्मवर. थांबवणारा मुलगा असतो, जबाबदारी त्याची असते आणि डॉक्टरांच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी आयसीयू सांभाळते. या फॉर्मबद्दल मनात साचत आलेलं एका दिवशी फार स्पष्ट झालं, तो दिवस इथं सांगते.

रुग्ण निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात सगळे गुरुजी म्हणत, म्हणून आम्हीही. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ. रक्तदाब वाढून मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता आणि दाब मेंदूच्या खोडापर्यंत गेला होता. शस्त्रक्रियेनं काही साधणार नाही, असं न्यूरोसर्जननी पहिल्याच दिवशी सांगितलं. तरी अशा रुग्णात सुरुवातीचे काही दिवस आम्ही निकाल देत नाही. डॉक्टरांनी लवकर हात आखडते घेतले की रुग्ण जातो, आणि मग तो जाणारच होता असं म्हणायला सगळे मोकळे होतात. म्हणून थांबलो. नवव्या दिवशीही चित्र तेच होतं. गुरुजी ब्रेन डेड नव्हते. क्षीण खोकला होता, स्वतःचा थोडा श्वास होता. पण पुन्हा ओळख पटेल, शब्द कळेल, अशी शक्यता आम्हा कुणालाच दिसत नव्हती. तोंडातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नव्हती. गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालायची का, हे ठरवायचं होतं.

थोरला मुलगा सकाळी काउंटरवर आला आणि म्हणाला, "मॅडम, तो फॉर्म द्या. सही करतो. आप्पांना घरी नेतो." शेतीवर सोसायटीचं कर्ज आधीच होतं. तो घाईत नव्हता, रागात नव्हता, थकलेला होता. मागून धाकटी बहीण आली. ती अंगणवाडी सेविका. तिनं भावाचा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मशीन काढणं म्हणजे आप्पांना मारणंच आहे. मी नाही नेऊ देणार."

मी फॉर्म दिला नाही. दुपारी बैठक बोलावली.

आमच्या रुग्णालयात छोटी एथिक्स कमिटी आहे, उपचारांतल्या नैतिक पेचांवर विचार करणारी. तिच्यात बाहेरच्या सदस्य म्हणून तत्त्वज्ञानाच्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्यांना सगळं शहर 'बाई' म्हणतं. त्या निकाल देत नाहीत, प्रश्न विचारतात. त्यांच्यामुळे कांट आणि मिल हे तत्त्वज्ञ मला पुस्तकाबाहेर भेटले.

बैठकीच्या आधी माझ्या रजिस्ट्रारनं, म्हणजे हाताखालच्या तरुण डॉक्टरनं, आपली अडचण सांगितली. हुशार आणि हळवा मुलगा. "मॅडम, पहिल्या दिवशी व्हेंटिलेटर लावलाच नसता तर गोष्ट वेगळी होती. आता लावलाय. काढणारा हात आपला असेल." ही भावना मला परकी नाही. नळी काढताना बोटांना जे वाटतं ते न लावताना वाटत नाही. पण तिचा नियम करायला गेलं की काय होतं ते पाहा. लावलेलं काढता येत नसेल, तर डॉक्टर लावण्याआधीच दहादा विचार करतील. ज्याचं काय होईल सांगता येत नाही, अशा माणसाला चार दिवसांची संधी द्यायलाही हात धजावणार नाही. म्हणजे जीव वाचवण्यासाठी धरलेला नियम संधीच नाकारणार. लावताना जे कारण पुरेसं असतं ते संपलं, की चालू ठेवण्याचंही कारण संपतं. न लावणं आणि काढणं यांत मला नैतिक फरक दिसत नाही, आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

याच्या पुढची पायरी मात्र मी चढत नाही. जेम्स रेचेल्स या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९७५ साली असा युक्तिवाद केला, की मारणं आणि मरू देणं यांतच मुळात नैतिक फरक नाही. एक जण लहान चुलतभावाला टबात बुडवतो, दुसरा तशाच हेतूनं बुडताना नुसता बघत बसतो, मग दोघांत चांगला कोण? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्या दोघांचाही हेतू दुष्ट आहे, आयसीयूत तसा नसतो. हृदय थांबवणारं इंजेक्शन देणं आणि निरर्थक झालेलं यंत्र दूर करून आजाराला त्याच्या वाटेनं जाऊ देणं यांत मी फरक करते. आपला कायदाही करतो. हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी आणि नंतर ९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हीच रेघ ओढली.

अरुणा शानबागचं नाव बैठकीत मुलीनंच काढलं. "केईएमच्या नर्सबाईंनी तिला बेचाळीस वर्षं सांभाळलं. अंगाला जखम होऊ दिली नाही. आणि आम्ही पोटची पोरं नऊ दिवसांत कंटाळलो?" खोलीत कुणी काही बोललं नाही. त्या दिवसभरात मांडला गेलेला सगळ्यात ताकदीचा मुद्दा तोच होता, असं मला आजही वाटतं. बाईंनी तिला मान डोलावून दाद दिली. माणसाचं मोल त्याच्या उपयोगावर ठरत नाही, हे कांटनं ज्या निष्ठेनं मांडलं त्याच निष्ठेनं त्या परिचारिका जगल्या. मी तिला एवढंच म्हटलं, की अरुणाताई स्वतः श्वास घेत होत्या, त्या व्हेंटिलेटरवर नव्हत्या. तिथं वाद होता तो भरवणं थांबवण्याचा, आणि २०११ मध्ये न्यायालयानं परिचारिकांचं म्हणणं मानलं. सांभाळणं आपणही सोडणार नाही. प्रश्न इतकाच, की सांभाळण्यात हे यंत्र बसतं का.

मोठे जावई वारकरी, बोलायला शांत. त्यांनी माउलींच्या समाधीचा दाखला दिला. मग म्हणाले, "विनोबांनी पवनारला औषध आणि अन्नपाणी सोडलं, त्याला कुणी पाप म्हटलं का?" विनोबा गेले १५ नोव्हेंबर १९८२ ला. त्याआधी १९६६ मध्ये सावरकरांनी प्रायोपवेशन केलं होतं, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारलं होतं. आपल्या मातीत या प्रश्नाला जुनी वाट आहे, हे खरंच. पण त्या साऱ्यांनी शुद्धीत, स्वतः ठरवलं. गुरुजींच्या वतीनं तसं ठरवायचा अधिकार जावयांना नव्हता, मलाही नव्हता.

एवढ्यात फोन आला. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून. ऊसतोडीला आलेला एक पोरगा, कोपीत जमिनीवर झोपलेला. पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या उचलेनात, मग गिळता येईना. मण्यार. तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही, खूण सापडत नाही. प्रतिविष देऊन झालं होतं, पण श्वासाचे स्नायू लुळे पडत चालले होते आणि तिथले डॉक्टर अम्बू बॅगवर होते. अशा रुग्णाला काही दिवस व्हेंटिलेटर मिळाला तर तो चालत घरी जातो. आणि माझ्याकडे एकही व्हेंटिलेटर मोकळा नव्हता.

रजिस्ट्रारनं माझ्याकडे पाहिलं. तो जे बोलला नाही ते सगळ्यांना ऐकू आलं. थोरल्या मुलानं बोलूनही दाखवलं, "मॅडम, आप्पांचं मशीन त्या पोराला द्या. आप्पांनी आयुष्यभर पोरंच शिकवली."

जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल ते करावं, हा बेंथम आणि मिल यांचा हिशेब इथं अगदी सरळ आहे. एका बाजूला उभं आयुष्य, दुसऱ्या बाजूला काही दिवसांचा श्वास. या हिशेबाला मी तुच्छ लेखत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही खाटा मोजूनच दिवस काढले आणि तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. बाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "तीन व्हेंटिलेटर रिकामे असते, तरी गुरुजींबद्दल आज हेच ठरलं असतं का?"

या प्रश्नानं मला वाचवलं. उत्तर 'हो' असेल तर ऊसतोडीच्या पोराची गोष्ट मध्ये आणण्याची गरज नाही. 'नाही' असेल, तर आपण गुरुजींचा निर्णय दुसऱ्यासाठी करतोय आणि त्याला त्यांच्या हिताचं नाव देतोय. साधनं खरोखर संपली तर वाटपाचा नियम उघडपणे, सगळ्यांना लागू करून सांगावा लागतो. एका कुटुंबाच्या दुःखात तो हळूच सरकवता येत नाही. मी थोरल्याला म्हटलं, "तुमचं मन मोठं आहे, पण आज या कारणानं काही ठरणार नाही." भूलतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी हर्नियाची ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि ऑपरेशन थिएटरमधलं यंत्र मोकळं करून दिलं. संध्याकाळी पोरगा आला, तिथंच ठेवला. पुढच्या आठवड्यात तो स्वतःच्या पायांनी गेला.

बैठकीत इतका वेळ गुरुजींच्या पत्नीला कुणी काही विचारलं नव्हतं. बाईंनी विचारलं, "गुरुजींना आत्ता बोलता आलं असतं तर काय म्हणाले असते?" तुम्हाला काय वाटतं, असं त्यांनी विचारलं नाही.

आजी पदर सावरून म्हणाल्या, "सासूबाईंच्या नाकात नळी घालून दोन महिने चाललं. तवाच मला म्हणाले, माझं असं करू नको. लिहून ठेवलं न्हाई, पर चारदा म्हणाले." मग थोरल्याकडे वळून म्हणाल्या, "पर घरी नको रं नेऊ. शेजारच्या तात्यांना सही करून आणलं व्हतं. रातभर घरघर चालली व्हती भिंतीपल्याड. ते मला बघवायचं न्हाई."

मुलाला वाटत होतं की दोनच वाटा आहेत, यंत्र किंवा फॉर्म. मुलीलाही तसंच वाटत होतं, म्हणून ती यंत्राला धरून होती. तिसरी वाट आहे, हे त्यांना सांगायचं काम माझं होतं. उपचार थांबतील, पण रुग्णालयात, आमच्या हातून, आमच्या नावावर. नळी काढण्याआधी मॉर्फिन आणि झोपेचं औषध सुरू होईल, घरची माणसं शेजारी असतील.

मुलीनं लगेच विचारलं, "मॉर्फिननंच श्वास थांबला तर?" मध्ययुगातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसपासून चालत आलेला दुहेरी परिणामाचा विचार इथं उपयोगी पडतो: चांगल्या हेतूनं केलेल्या कृतीचा वाईट परिणाम दिसत असला, तरी तो साधण्याचा हेतू नसावा. मात्रा धाप पाहून वाढवायची, मरण आणण्यासाठी नाही. धाप नसेल तर मात्राही नाही. प्रत्येक डोस आणि त्याचं कारण केसपेपरवर लिहायचं, म्हणजे हेतू उघड्यावर राहतो. मी तिला तो कागद दाखवायचं कबूल केलं आणि पुढे दाखवलाही.

गुरुजींनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. असतं तर काम सोपं झालं असतं. सर्वोच्च न्यायालयानं आपल्या सूचनांत २४ जानेवारी २०२३ ला केलेल्या बदलानंतर उपचारांबद्दलचं असं इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं तरी चालतं, दंडाधिकाऱ्यापुढे जावं लागत नाही. ते नसेल तरी वाट आहे. उपचार करणारा डॉक्टर आणि दोन अनुभवी तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ, मग दुसरं स्वतंत्र मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर असतो. जवळच्या नातेवाइकांची संमती लागते आणि अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. प्रत्येक मंडळानं शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. आम्ही हे सगळं केलं. दुसऱ्या मंडळासाठी डॉक्टर नेमून घ्यायला फोनावर फोन करावे लागले, कारण जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे असं पत्र आधी कधी आलंच नव्हतं. त्या दिवसांचं बिल कुटुंबावर पडू नये म्हणून मी व्यवस्थापनाशी भांडले. प्रक्रिया आमची आहे, तिचा खर्च मुलाच्या कर्जात का?

आईची संमती मिळाली होती, मुलीची नव्हती. मी मुलीसाठी थांबले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला पटलेलं नाही. पण आईचं ऐकते." ते मी तसंच नोंदवलं. रजिस्ट्रारला नळी काढायला सांगितलं नाही, मी काढली. सिस्टरनी गुरुजींचा चेहरा पुसून घेतला होता. जावई हरिपाठ म्हणत होते. धाप लागली नाही. पहाटेच्या सुमारास ते गेले.

मुलगी आजही म्हणते की आम्ही चुकलो. मध्यंतरी लसीकरणाच्या कामाला आली तेव्हा भेटून गेली आणि तेच म्हणाली. तिचं मत बदलावं असा माझा आग्रह नाही. केईएमचा दाखला देणारी ती त्या खोलीत नसती, तर आम्ही सगळे फार लवकर एकमेकांशी सहमत झालो असतो.

फॉर्म अजून काउंटरवर आहे. तो रद्द करणं माझ्या हातात नाही, आणि घरी मरण्याची इच्छाही खोटी नसते. पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी कुणी तो मागितला, तर आता त्याला दुसरं पान जोडलेलं असतं. नेण्याचं कारण काय, पैसे, घरी जाण्याची इच्छा, की आशा संपली? उपचार इथंच थांबवता येतात हे सांगितलं का, कुणी सांगितलं? घरी धाप लागली तर कुठलं औषध, किती, कोण देणार, कुणाला फोन करायचा? ते पान नातेवाइकांनी भरायचं नाही, ड्यूटीवरच्या डॉक्टरनं भरायचं, आणि त्याखाली सही डॉक्टरची. व्यवस्थापनानं विचारलं, उद्या वाद झाला तर ही सही आपल्याच अंगावर येईल, कशाला ठेवता? मी म्हटलं, त्यासाठीच.