मीठ आणि गोगलगाय
आज माशांच्या टाकीचे पाणी बदलताना गोगलगायीच्या शंखाच्या टोकाशी पांढरे खड्डे पडलेले दिसले आणि माझी चूक ध्यानात आली. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात हे ठाऊक असूनही मी दर आठवड्याला चमचाभर मीठ टाकून निश्चिंत होतो. पण मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि शंखाला हवे असते कॅल्शियम. शिवाय पाण्याची वाफ होते, मीठ मात्र टाकीतच साचत जाते (आणि मी वर भर घालत होतो!). नायट्राइट (माशांच्या मलमूत्रातून पाण्यात तयार होणारे विषारी द्रव्य) वाढल्यास मिठातले क्लोराइड माशांना सावरते, तेवढ्यापुरते ते औषध खरे. आता शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवला आहे. तो सावकाश विरघळेल. झिजलेला भाग भरून येणार नाही, निदान नवी कड तरी घट्ट यावी.