दिवाणिया, मोती आणि बाहेर पडायची परवानगी

कुवेतच्या राज्यघटनेतलं ४४ वं कलम आपल्याकडे कुणाला माहीत असायचं कारण नाही. खासगी बैठक भरवायला परवानगी लागत नाही, आगाऊ कळवावंही लागत नाही, आणि अशा बैठकीत पोलिसांनी हजर राहायचं नाही, असं ते कलम सांगतं. घटना १९६२ सालची. आजूबाजूला कैरोत, बगदादमध्ये लष्करातली माणसं सत्तेवर बसलेली, आणि हा टीचभर देश लिहून ठेवतो की माणसं घरात बसून बोलत असतील तर पोलिसांचं तिथे काम नाही.

मी नोकरीला कुवेतमध्ये. सुट्टीवर साताऱ्याला आलो की चहाचा कप हातात पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "तिकडे तोंड उघडलं तर उचलतात म्हणे?" याला धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही. दरवेळी "तसं काही नाही हो" म्हणून वेळ मारून नेतो. यंदा जरा सविस्तर लिहितो.

ते ४४ वं कलम ज्या खोलीसाठी आहे तिला दिवाणिया म्हणतात. आमच्या ऑफिसातले एक वरिष्ठ कुवेती साहेब आठवड्यातून एकदा रात्री दिवाणिया भरवतात आणि मला बोलावतात. घराला लागूनच, पण दार वेगळं, म्हणजे आलेल्याला घरातून जावं लागत नाही. तिन्ही भिंतींना लागून बैठकी, मधली जागा मोकळी. नवा माणूस आत आला की सगळे उठतात, तो उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवत जातो आणि मिळेल तिथे टेकतो. कॉफी देणारा माणूस आंध्रातल्या कडप्प्याचा. डाव्या हातात सुरई, उजव्या हातात एकात एक घातलेले बिनकानाचे इवलेसे पेले. कॉफी पिवळसर, वेलदोड्याची, साखर नाही. पेला रिकामा झाला की तो पुन्हा भरतो. नको असेल तर पेला हातात दोनदा हलवायचा. हे कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस रात्रभर जागा राहतो.

गप्पा फुटबॉलवरून जागांच्या भावावर, तिथून कुणाच्या तरी पोराच्या स्कॉलरशिपवर आणि मग सरकारवर येतात. मंत्र्यांची खरडपट्टी निघते, आणि आवाज खाली करून वगैरे नाही, चांगली खणखणीत. हे सगळं बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्या गावचा पारच की. बायकांना तिथेही जागा नाही." बरोबर आहे तिचं. अलीकडे काही दिवाणियांत स्त्री-पुरुष दोघंही बसतात, बायकांच्या स्वतःच्याही दिवाणिया आहेत, पण मी पाहिलेल्या बहुतेक पुरुषांच्याच.

तिथे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ येतात. त्यांचं हिंदी मुंबईचं आहे, थेट बाजारातलं. वडील मोत्यांचे व्यापारी. उन्हाळ्यात गलबतं समुद्रात, मग माल घेऊन मुंबई. मुंबईत त्या काळी आखातातल्या अरब व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, आणि कुवेतमध्ये १९६१ पर्यंत चलन म्हणून रुपयाच चालायचा. १९५९ नंतरचे शेवटचे गल्फ रुपये तर आपल्या रिझर्व्ह बँकेनेच खास आखातासाठी छापलेले. स्वातंत्र्य या विषयावर मी इथे जे काही शिकलो ते या गृहस्थांच्या एका गोष्टीतून.

गोष्ट १९१० ची. तेव्हाचे शासक शेख मुबारक यांना लढायांसाठी पैसा हवा होता, म्हणून त्यांनी व्यापाऱ्यांवर करांचा बोजा टाकला. हिलाल अल-मुतैरी आणि त्यांच्यासारखे आणखी काही बडे मोतीव्यापारी उठले, आपली गलबतं घेतली आणि बहरीनला निघून गेले. मोर्चा नाही, अर्ज नाही, निघून गेले बस. गावाचं उत्पन्नच त्यांच्या गलबतांवर. मग शेखांना माणसं पाठवून मनधरणी करावी लागली, कर मागे घ्यावे लागले, तेव्हा कुठे मंडळी परतली.

आखातातल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात मला हाच प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. राजाला रयतेच्या पैशांची गरज आहे आणि रयतेला निघून जाता येतं, या दोन गोष्टी असल्या की राजा ऐकतो. युरोपातल्या उदारमतवाद्यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिले. कुवेतच्या व्यापाऱ्यांनी शिडं उभारली.

याच व्यापाऱ्यांनी १९२१ मध्ये सल्लागार मंडळ मिळवलं, ते फार टिकलं नाही. मग १९३८ मध्ये १४ जणांचं निवडून आलेलं विधिमंडळ उभं केलं. निवडणारे म्हणजे शहरातली मोजकी घराणी, त्यामुळे लोकशाही वगैरे म्हणायला नको. अध्यक्ष मात्र राजघराण्यातलेच, अब्दुल्ला अल-सालेम. सहा महिन्यांत तेही बरखास्त झालं. पण त्याच वर्षी बुरगानच्या वाळवंटात तेल लागलं होतं, आणि १९४६ पासून ते जहाजांत भरून बाहेर जायला लागलं. जपानच्या कल्चर, म्हणजे शिंपल्यांत मुद्दाम वाढवलेल्या, मोत्यांनी मोत्याचा धंदा आधीच बसवला होता. राज्याला आता व्यापाऱ्यांकडून काही घ्यायचं नव्हतं, उलट द्यायचं होतं: जमिनींचे मोबदले, नोकऱ्या, घरं, दवाखाने, शिक्षण. आजही इथे पगारावर आयकर नाही आणि नोकरी करणाऱ्या कुवेतींपैकी बहुसंख्य सरकारी पगारावर आहेत. देणाऱ्याला हिशेब कोण विचारणार?

तरीही गंमत बघा. १९३८ च्या त्या मंडळाचे अध्यक्ष अब्दुल्ला अल-सालेम १९५० मध्ये सत्तेवर आले, १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी घटना दिली. आजूबाजूच्या कुठल्याही आखाती देशापेक्षा जास्त अधिकार असलेली संसद त्यातून आली. ती १९७६ मध्ये बंद पडली, १९८१ मध्ये सुरू झाली, १९८६ मध्ये पुन्हा बंद. १९८९ च्या हिवाळ्यात लोक दर सोमवारी कुणाच्या ना कुणाच्या दिवाणियात जमून संसद परत मागायला लागले, तेव्हा पोलिसांनी त्या बैठका उधळल्या, ४४ वं कलम घटनेत असतानाच. पुढे इराकने देश गिळला, सुटका झाली, आणि १९९२ मध्ये निवडणूक झाली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे संसद असली की स्वातंत्र्य. तर तसंही नाही. १९९९ मध्ये अमीर, म्हणजे देशाचे शासक, शेख जाबेर यांनी वटहुकूम काढून बायकांना मताचा हक्क दिला आणि निवडून आलेल्या संसदेने तो फेटाळला, मग त्याच आशयाचं विधेयकही दोन मतांनी पाडलं. काही खासदारांचा धर्माच्या नावाने विरोध, काहींचा अमीरांनी परस्पर हुकूम काढला म्हणून. हक्क मिळायला २००५ साल उजाडलं, आणि २००९ मध्ये चार बायका निवडून आल्या. त्यांतल्या दोघी हिजाब घालत नव्हत्या, म्हणून त्यांची खासदारकी रद्द करा असा अर्ज घटनात्मक न्यायालयात गेला. न्यायालयाने तो फेटाळला. त्याच सुमारास, लग्न झालेल्या बाईला पासपोर्ट काढायला नवऱ्याची संमती लागायची तो नियमही याच न्यायालयाने मोडीत काढला. इथल्या जुन्या उदारमतवाद्यांना निवडणुकीपेक्षा या न्यायालयाचं कौतुक जास्त का, ते यावरून कळावं.

मला स्वतःला त्याचा फायदा झाला तो २०१७ मध्ये. जून २०१५ मध्ये इमाम सादिक मशिदीत बॉम्बस्फोट झाला, २७ माणसं गेली. सगळे हादरलेले असताना संसदेने घाईघाईने कायदा केला की देशातल्या प्रत्येकाने डीएनएचा नमुना सरकारजमा करायचा. नागरिकाने, इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, राहणाऱ्याने, चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यानेही. नाही म्हणणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि १०,००० दिनारांपर्यंत दंड. ऑफिसात आमच्या लोकांत यावर चर्चाही झाली नाही. सांगतील त्या दिवशी जायचं आणि नमुना देऊन यायचं, एवढंच डोक्यात. कोर्टात गेले ते कुवेती वकील. ऑक्टोबर २०१७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा वैयक्तिक स्वातंत्र्य आणि खासगीपणाच्या मुद्द्यावर रद्द केला. घटनेचं ३० वं कलम म्हणतं, वैयक्तिक स्वातंत्र्याची हमी आहे. कुवेती माणसाच्या स्वातंत्र्याची असं त्यात लिहिलेलं नाही. मला या देशात मत नाही, तरी त्या निकालाने जे वाचलं त्यात माझंही होतं.

तोंड उघडण्याचा प्रश्न राहिलाच. मंत्र्यावर बोला, खुशाल बोला. अमीरांवर नाही. घटनाच म्हणते की त्यांना धक्का लावता येत नाही, म्हणजे ते टीकेच्या पलीकडे. मुसल्लम अल-बर्राक हे विरोधकांतले सगळ्यात गाजलेले नेते, २०१२ च्या एका भाषणापायी त्यांनी दोन वर्षं तुरुंगात काढली. दुसरी रेषा धर्माची. कुवेत विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे अहमद अल-बगदादी इथले ठाम उदारमतवादी, त्यांना एका लेखातल्या वाक्यावरून १९९९ मध्ये तुरुंगात जावं लागलं. या दोन रेषांच्या आतली जागा मात्र बाहेरून वाटते त्यापेक्षा पुष्कळ मोठी होती. पुस्तकांचंच बघा. वर्षानुवर्षं हजारो पुस्तकांवर बंदी होती, त्याविरुद्ध लेखक-वाचक उघडपणे रस्त्यावर उभे राहिले, आणि २०२० मध्ये आयात पुस्तकांना आधी मंजुरी घ्यायचा नियम गेला.

"होती" असं म्हणालो, कारण मे २०२४ मध्ये अमीर शेख मिशाल यांनी संसद बरखास्त केली आणि घटनेतली काही कलमं जास्तीत जास्त चार वर्षांसाठी स्थगित केली. रस्त्यांवर काही झालं नाही. खरं सांगायचं तर संसद आणि सरकारच्या रोजच्या भांडणाला पुष्कळ लोक कंटाळले होते, हेही मी कानांनी ऐकलेलं आहे. त्यानंतर नागरिकत्व काढून घ्यायचा सपाटा लागला. हजारोंनी, दहा-दहा हजारांनी. त्यांत कुवेती नवऱ्यांशी लग्न करून नागरिक झालेल्या, इथेच संसार झालेल्या बायका पुष्कळ. याद्या पेपरात येतात. (इथे मी छापून आलेलंच लिहितोय, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच.) इकामा पुढच्या वर्षी रिन्यू होईल का ही काळजी आम्हां बाहेरच्यांची. आता तसल्या चेहऱ्याने बसलेली माणसं समोरच्या बैठकीवरही दिसतात. फुटबॉलच्या गप्पा लांबल्यात.

आणि आम्ही? इथे १० लाखांच्या आसपास भारतीय आहेत. बायको २२ नंबरच्या, म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावर, मी १८ नंबरच्या, म्हणजे खासगी कंपनीच्या. कॉफी देणारा कडप्प्याचा माणूस २० नंबरवर, घरकामाच्या. त्याच्यासाठी २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला: दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याला सुट्टी, वर्षाला भरपगारी रजा, पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही. आखातात तेव्हा असा कायदा दुसरीकडे नव्हता. पण मालक बदलायचा म्हटलं की गाडी पुन्हा कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाच्या, दारात येऊन थांबते. कागदावरची सुट्टी त्याला मिळते का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "शुक्रवारी दिवाणिया नसते."

१ जुलै २०२५ पासून आम्हां १८ नंबरवाल्यांना देशाबाहेर जायला मालकाची परवानगी लागते. साहेल या सरकारी ॲपवर अर्ज टाकायचा, तारखा भरायच्या, कंपनीकडून होकार आला की विमानतळावर सोडतात. काम अवघड नाही, होकार बहुधा येतोही. तरी गणपतीचं तिकीट खिशात असताना फोनच्या पडद्यावर "प्रलंबित" बघत बसणं काय असतं ते बसणाऱ्यालाच माहीत. घरी आई आजारी असलेल्या माणसाचं काय होत असेल, याचा विचार मी फार करत नाही.

आमच्या कंपनीत होकाराचं बटण दाबणारे तेच दिवाणियावाले साहेब. नियम त्यांनी केलेला नाही, त्यांना तो आवडतही नाही. त्या आठवड्यात दिवाणियात मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मुद्दाम विचारलं, चाचा, १९१० मध्ये हिलाल अल-मुतैरींनी कुणाकडे अर्ज टाकला होता? सगळे हसले. साहेबही हसले, जरा कमी. म्हातारबुवांनी पेला हलवून परत दिला आणि त्यांच्या मुंबईच्या हिंदीत म्हणाले, "अरे भाई, जहाज उसका खुद का था. तुम तो टिकट पे जाता है."

मग साहेबांनी फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिथल्या तिथे माझा अर्ज शोधायला लागले. नेमकं ॲप उघडेना. होकार दुसऱ्या दिवशी सकाळी आला.