सुटलेलं पाणी

रविवारी पानं घेतली आणि नेमका बहिणीचा फोन आला. दहाच मिनिटं बोललो असेन. परत येऊन बघतो तर काकडीच्या कोशिंबिरीनं आपला कार्यभाग उरकलेला. वाटीत दोन बोटं पाणी, त्यावर दाण्याचं कूट तरंगतंय, मिरचीचे तुकडे पोहतायत आणि काकडी बिचारी तळाशी मान टाकून पडलेली.

चूक माझीच. मीठ आधी घालून बसलो होतो. एरवी माझा नियम कडक आहे: कोशिंबिरीत मीठ वाढायच्या क्षणी, त्याआधी नाही. घरात यावरून जुना वाद आहे. बायकोचं म्हणणं, आधीच मीठ लावून काकडी पिळून घ्यावी आणि ते पाणी थालीपिठाच्या पिठात घालावं. थालीपीठ झकास होतं, नाही म्हणत नाही. पण पिळलेली काकडी मला चोथ्यासारखी लागते. आणि न पिळलेली वाढली की तिचं पाणी ताटाच्या डाव्या बाजूनं निघतं, वाटेत चटणी गाठतं, लोणच्याचा खार सोबत घेतं आणि भाताच्या मुदीखाली शिरतं. त्या क्षणी माझं जेवण संपतं.

मराठीत पाणी ‘सुटतं’. शाळा सुटते, गाडी सुटते, तसं. काकडीच्या पोटात ते इतका वेळ घंटेची वाट बघत बसलेलं असावं, आणि मीठ म्हणजे घंटा.

आमचं गाव तासगावजवळ. वळवाचा एखादा पाऊस झाला की घरात लोणच्याच्या कैऱ्या यायच्या. आजी फोडींना हळद-मीठ चोळून पातेलं फडक्यानं बांधून ठेवायची. सकाळी फडकं सोडलं की फोडी खाली गेलेल्या आणि वर पिवळंधमक पाणी. रात्री तर थेंबही नव्हता. “आज्जी, पाणी कुणी घातलं?”

“कोण घालतंय? मिठानं वडलं. मीठ असंल तिकडं पाणी जातंयच.”

शाळेत पुढं याचंच नाव ‘परासरण’ म्हणून फळ्यावर आलं. पाणी जाऊ देणारं पण मीठ अडवणारं अर्धपारगम्य पटल वगैरे मंडळीही आली. प्रयोगासाठी बेदाणे घरून आणायचे होते. तासगावच्या पोरांना बेदाणे आणायला सांगणं म्हणजे काय, हे बदलून आलेल्या सरांना ठाऊक नसावं. खिसे भरून आले. निम्मे प्रार्थनेत संपले, उरलेले साध्या पाण्यात आणि मिठाच्या दाट पाण्यात पडले. तासाभरानं साध्या पाण्यातले टुमटुमीत. ते आम्ही निरीक्षण लिहायच्या आधी खाल्ले. फुगलेला बेदाणा काही द्राक्ष होत नाही, एवढं निरीक्षण मात्र माझं स्वतःचं.

पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी नेमकं जातं कुठून, हे सरांना आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तरी ‘झिरपतं’ एवढंच उत्तर मिळालं असतं, कारण तेव्हा बहुतेकांचा समज तोच होता. पण तो पडदा तेलकट, आणि तेलातून पाणी किती झिरपणार? अमेरिकेत पीटर अ‍ॅग्रे रक्तगटाचं एक प्रथिन शोधत होते, तेव्हा भलतंच एक प्रथिन पुन्हा पुन्हा हाताला लागत राहिलं. १९९२ साली त्यांनी ते बेडकाच्या अंड्यांत बनवून घेतलं आणि अंडी साध्या पाण्यात टाकली. ती फुगली आणि फटाफट फुटली. म्हणजे ती पाण्याची दारं होती. एका दारातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू, आणि तेही एकामागं एक, रेशनच्या रांगेत उभे राहिल्यासारखे. २००३ साली त्यांना नोबेल मिळालं. आपली मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर गाळतात आणि त्यातलं दीडेक लिटर सोडून बाकीचं परत आत घेतात, त्यातही या दारांचा वाटा मोठा. हे वाचल्यापासून लघवीला गेलो की उगाच कृतज्ञ वाटतं.

आजीचं वाक्य मात्र या सगळ्याला पुरून उरतं. सहावीत मला जुलाब लागले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, जीभ टाळ्याला चिकटली. आजीनं तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी घेतलं, साखर-मीठ घातलं, चाखून बघितलं आणि वाटी-चमच्यानं पाजत बसली. मी ओकलो की थोडी थांबायची, मग परत चमचा. जलसंजीवनी हा शब्द रेडिओवर लागायचा. तिच्या तोंडी ते साखरपाणीच. आतड्यात मीठ आणि साखर एकाच दारानं जोडीनं आत जातात, पाणी त्यांच्या मागं जातं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीनं माणसं मरत होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपं भरून हेच पाणी ठेवलं आणि नातेवाइकांना पाजायला लावलं. जिथं शंभरातली वीस-तीस जात होती, तिथं चाराहून कमी जाऊ लागली.

तर कोशिंबीर. शेवटी मी ती तशीच घेतली. पाणी वाटीनंच प्यायलो. आंबट-तिखट, वाईट नव्हतं. पण बायकोला सांगितलं नाही.

आजीचं हृदय थकलं तेव्हा डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं. पायांवर सूज होती. ती पाय स्टुलावर ठेवून बसायची, नडगीवर अंगठा दाबायची आणि पडलेला खळगा सावकाश भरताना बघत राहायची. “बघ, पाणी,” म्हणायची, फोडींवरचं फडकं सोडून दाखवावं तसं. तिची कोशिंबीर वेगळी निघायची, बिनमिठाची. तासभर ठेवली तरी वाटी कोरडी.

त्या उन्हाळ्यात तिनं माझ्याकडं लोणच्याची एक फोड मागितली. तिनंच घातलेलं लोणचं. दोनदा मागितली. मी दिली नाही.