व्हॅटच्या काळातली अकाउंटंट पुन्हा मुलाखतीला

अकाउंट्सची नोकरी सोडली तेव्हा व्हॅट, म्हणजे राज्याचा जुना विक्रीकर होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आता पुन्हा मुलाखतीला जायचं तर कामच नव्याने शिकणं भाग होतं. त्यामुळे ‘मधल्या वर्षांत काय केलंत?’ या प्रश्नाचं उत्तर घोकण्यात मी वेळ घालवला नाही. नोकरी का सोडली आणि आता ती अडचण कशी उरली नाही, एवढी दोन वाक्यं पुरतात. खरी परीक्षा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसमोर बसवतात तिथे असते.

सरावाला टॅलीच्या नव्या आवृत्तीचा, टॅली प्राइमचा, एज्युकेशनल मोड फुकट मिळतो. त्यात नोंदी फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या घेता येतात, पण तेवढं बास आहे. ईआरपी नाइन या जुन्या आवृत्तीवर हात बसला असेल तर बोटं क्रेडिट नोटसाठी (विकलेला माल परत आला की करायची नोंद) कंट्रोल-एफ८ कडेच वळतात. आता ती ऑल्ट-एफ६, डेबिट नोट (खरेदीचा माल परत केला की) ऑल्ट-एफ५. सेल्स एफ८, पर्चेस एफ९ तसेच आहेत.

५०,००० चा माल, १८ टक्के कर. पुण्याहून नाशिकला, म्हणजे राज्यातच गेला तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) ४,५०० प्रत्येकी, बेंगळुरूला, म्हणजे राज्याबाहेर गेला तर आयजीएसटी ९,०००. पाठोपाठ प्रश्न येतोच: सीजीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, एसजीएसटी भरायला चालतं का? नाही. आयजीएसटीचं क्रेडिट मात्र तिन्हीकडे चालतं आणि तेच आधी संपवायचं.

सगळ्यात जास्त तयारी टू-बी जुळवण्याची करावी. टू-बी म्हणजे सप्लायरच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणारी आपल्या क्रेडिटची यादी; ती आपल्या खरेदीच्या बिलांशी ताडून पाहायची. मासिक रिटर्न भरणारा सप्लायर ११ तारखेपर्यंत आर-वन (विक्रीचं रिटर्न) भरतो, १४ ला आपलं टू-बी तयार होतं, २० पर्यंत आपण थ्री-बी (कर भरायचं रिटर्न) भरायचं. बिल हातात आहे पण टू-बीत नाही, तर क्रेडिट नाही. का दिसत नाही, हे सांगता आलं पाहिजे: सप्लायरने रिटर्नच भरलं नाही, आपला जीएसटी नंबर चुकवला, किंवा विक्री बी-टू-सीत, म्हणजे जीएसटी नंबर नसलेल्या ग्राहकांत दाखवली. बिल नंबरातला एखादा स्लॅश गळला तर बिल तिथे असूनही एक्सेल जुळत नाही म्हणतं. व्हॅटच्या फॉर्म ७०४ च्या ऑडिटला जे-वन, जे-टू (ग्राहकवार विक्री आणि सप्लायरवार खरेदीच्या याद्या) केलेल्यांना हे काम ओळखीचं वाटेल. तेव्हा वर्षाचं एकदा असे, आता दर महिन्याला.

कागदपत्रांत बायकांचं घोडं नावावर अडतं. पदवी माहेरच्या नावाने, आधार-पॅन सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये हवाच. पीएफच्या पोर्टलवर जुन्या नोकरीची ‘डेट ऑफ एक्झिट’ (नोकरी सोडल्याची तारीख) भरलेली आहे का तेही पाहावं. जुन्या कंपनीने भरली नसेल तर आपल्याला तिथेच आधार ओटीपीने भरता येते.