बलेनोची पुढची काच बदलली, नाशिकमधला माझा अनुभव आणि पूर्ण हिशेब

डिसेंबरात आईला घेऊन त्र्यंबकेश्वरला गेलो होतो, येताना महिरावणीच्या अलीकडे पुढे खडीचा डंपर होता. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे असे डंपर सगळीकडेच आहेत, वर ताडपत्री वगैरे काही नव्हती आणि मी त्याला ओव्हरटेक करायच्या नादात जरा जवळ गेलो, तेवढ्यात ठाप्प करून आवाज आला. आई एकदम दचकली कारण खडा बरोबर तिच्या तोंडासमोर लागला होता. काच फुटली नाही, फक्त हरभऱ्याएवढा टवका उडाला आणि आजूबाजूला कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेघा. घरी आल्यावर बोट फिरवून बघितलं, आतून काच एकदम गुळगुळीत, म्हटलं रविवारी बघू.

हे "रविवारी बघू"च महागात पडलं. बुधवारी सकाळी बहिणीला पंचवटी एक्सप्रेससाठी नाशिकरोडला सोडायचं होतं, आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, सकाळी सहाला निघालो तर थंडी अशी की काचेवर बाहेरून दव आणि आतून वाफ, काही म्हणजे काही दिसेना. मी हीटर फुल करून हवा सरळ पुढच्या काचेवर सोडली. विहितगावच्या पुढे टक्क असा आवाज झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या टवक्यातून चीर निघाली, आधी खाली आली आणि मग वळून माझ्या बाजूला स्टेअरिंगसमोरपर्यंत. बहीण म्हणाली दादा थांबव गाडी, पण ट्रेन होती, तसाच हळूहळू गेलो.

नंतर काचवाल्याने सांगितलं ते असं. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाचा पारदर्शक प्लास्टिकचा थर, म्हणून दगड लागला तरी तुकडे अंगावर येत नाहीत. बाजूच्या काचा टफन्ड असतात, त्यांचा फुटल्यावर साखरेसारखा चुरा होतो. टवका फक्त बाहेरच्या काचेला पडतो आणि तो नाण्यापेक्षा लहान असेल, काठाजवळ नसेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल तर त्यात रेझिन भरून तिथेच थांबवता येतो. माझा टवका अगदी तसाच होता. 600 रुपयांत अर्ध्या तासात काम झालं असतं. बाहेर गारठा आणि आतून गरम हवा, काच एका बाजूने आकसते दुसऱ्या बाजूने फुगते आणि जिथे आधीच कमजोर आहे तिथून फाटते. थंडीत काच साफ करायची तर हीटर एकदम फुल नाही करायचा, मंद ठेवून हळूहळू वाढवायचा, हे मला तेव्हा कळलं.

आता खर्चाचं. गाडी 2018 ची बलेनो, पेट्रोल. आधी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला गेलो, त्यांनी जीएसटी धरून एस्टिमेट दिलं ते असं: काच 6,450, बाजूचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) आणि क्लिपा 780, सीलंट आणि प्रायमरचं किट 950, लेबर 850, एकूण 9,030. तिथला सल्लागार लगेच म्हणाला, सर पैसे कशाला भरता, इन्शुरन्समध्ये टाका, काचेवर घसारा (वस्तू जुनी झाली म्हणून क्लेममधून होणारी कपात) लागत नाही. हे खरंय, काचेला घसारा शून्य असतो, रबर प्लास्टिकला मात्र 50 टक्के कापतात. मी जवळपास हो म्हणणारच होतो पण म्हटलं घरी जाऊन पॉलिसी काढून बघतो, आणि तिथेच खरा हिशेब कळला.

मला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, 50 टक्के आहे, म्हणजे पाच वर्षं एकही क्लेम नाही. हा बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो, दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या थर्ड पार्टीचे 3,416 तर भरावेच लागतात. माझा ओन डॅमेज बोनस न धरता साधारण 5,000 आहे. क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग 20, 25, 35, 45 असं करत परत 50 ला यायला वेळ लागतो. म्हणजे पहिल्या वर्षी मी 2,500 जास्त भरणार, दुसऱ्या वर्षी 1,500, तिसऱ्या 1,250, चौथ्या 750, पाचव्या 250, झाले 6,250, आणि प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी धरला की 7,375. आणि क्लेममधून मिळणार किती, तर 9,030 मधून 1,000 सक्तीची वजावट (1500 सीसीपर्यंतच्या गाड्यांना एवढी असते), बीडिंगचे अर्धे म्हणजे 390, आणि सीलंटचे 950 माझ्या पॉलिसीत धरत नाहीत कारण कन्झ्युमेबल्सचं (एकदा वापरून संपणाऱ्या सामानाचं) कव्हर घेतलेलं नाही. हातात 6,690. म्हणजे फुकट काच म्हणता म्हणता पाच वर्षांत मला 685 रुपये उलट जास्त पडणार होते. अर्थात पुढच्या चार-पाच वर्षांत एखादा मोठा क्लेम आलाच तर बोनस तसाही जाणार आणि मग हा हिशेब बदलतो, आणि ज्यांच्याकडे एनसीबी (नो क्लेम बोनस) प्रोटेक्शनचं, म्हणजे क्लेम केला तरी बोनस टिकवणारं कव्हर आहे त्यांनी नक्की क्लेम करावा. माझ्याकडे नव्हतं. ज्यांच्या गाडीत एडास (ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) आहे, आरशामागे कॅमेरा असतो, त्यांचंही गणित वेगळं, कारण त्यांची काच महाग आणि बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन वेगळं करावं लागतं, तिथे क्लेमच परवडत असेल.

मग रोख द्यायचं ठरलं तर बाहेर का नको म्हणून दोन ठिकाणी विचारलं. पहिल्या दुकानात 3,600 सांगितले, सगळं मिळून, एका तासात. मी काच दाखवा म्हटलं, काढून दाखवली, खाली कोपऱ्यात नुसतं एक अक्षर छापलेलं, आयएसआय मार्क नाही, लॅमिनेटेड असं पण कुठे लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणे सेम टू सेम आहे भाऊ, सगळे हीच टाकतात. मी पाया पडलो नाही एवढंच, निघालो तिथून. कारण पुढची काच म्हणजे फक्त वाऱ्याला आडोसा नाही, ती बॉडीला चिकटवलेली असते आणि गाडी उलटली तर छताला आधार देते, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना त्याच काचेवर टेकून फुगते. त्या सीटवर माझी आई बसते. तीन हजार वाचवायला मी तिथे कसलीही काच लावू शकत नाही, मला झोप लागली नसती.

दुसरं दुकान द्वारकाच्या बाजूला, तिथले काका वयस्कर, बोलणं कमी. ते एआयएस किंवा सेंट गोबेन, कुठल्याही कंपनीची काच मिळेल म्हणाले, नवीन बीडिंग, सीलंट, लेबर सगळं धरून 6,200 आणि पक्कं बिल. काच आधी दाखवली, कोपऱ्यात कंपनीचं नाव, आयएसआय मार्क आणि आयएस 2553 (सुरक्षा काचेचं भारतीय मानक), लॅमिनेटेड, सगळं स्पष्ट. जुन्या काचेवरच्या शिक्क्याशी शेजारी धरून जुळवून बघितलं. काचेबरोबर काळी फिल्म लावून देऊ का म्हणून त्यांच्या पोराने विचारलं तर काकांनीच त्याला गप्प केलं, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच फिल्मवर बंदी घातलीय, गिऱ्हाइकाला दंड कशाला लावतो.

मी पूर्ण वेळ उभा राहिलो. वायपर काढले, वायपरखालचं प्लास्टिक काढलं, मग आतून एक बारीक तार आरपार घालून दोन्हीकडून दोघांनी ओढत ओढत जुनं सीलंट कापलं, काच उचलून बाजूला ठेवली. नंतर फ्रेमवरचं जुनं सीलंट सगळं खरवडून काढलं नाही, पातळ थर ठेवला, मी विचारलं तर म्हणाले नवीन त्याच्यावरच चांगलं धरतं, आणि पत्र्याला ओरखडा पडला तर तिथून गंज लागतो म्हणून जिथे पत्रा उघडा पडला तिथे प्रायमर मारला. दोन तास गाडी जागेवरून हलवू दिली नाही. वर टेप लावून दिली, 24 तास काढायची नाही, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची कारण दार जोरात लावलं तर आतली हवा ओल्या सीलंटला ढकलते, आणि दोन दिवस गाडी धुवायची नाही. वायपरची रबरं जुनी होती, त्यात खडीची कच अडकलेली, नव्या काचेवर पहिल्याच दिवशी रेघा ओढल्या असत्या, म्हणून 540 ची नवीन जोडी घेतली. तिसऱ्या दिवशी घरी पाइप लावून दहा मिनिटं वरून पाणी सोडलं, आतल्या कडा हाताने चाचपल्या, कोरड्या.

काच झाली पण दोन गोष्टी राहिल्याच ज्या कोणीच आधी सांगत नाही. एक फास्टॅग. तो काढताना फाटतोच आणि फाटला की चिप गेली. हातात धरून दाखवू म्हटलं तर तसे सुटे टॅग 2025 च्या जुलैपासून ब्लॅकलिस्ट करतात. मला दर आठवड्याला संगमनेरला जावं लागतं, वाटेत शिंदेचा टोल, टॅग नसेल तर तेव्हा रोखीने दुप्पट लागायचे आणि 15 नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयने भरलं तर सव्वापट. त्याच बँकेकडे रिप्लेसमेंट मागितली, आरसी आणि गाडीचा समोरून फोटो अपलोड केला, 100 रुपये घेतले, जुना बॅलन्स नवीन टॅगवर आला, पण टॅग घरी यायला चार दिवस गेले. काच बदलायचं ठरलं की त्याच दिवशी टॅगची ऑर्डर टाका.

दुसरी गोष्ट एचएसआरपीचं, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं स्टिकर. गाडी 2019 च्या आधीची म्हणून गेल्या वर्षीच 745 अधिक जीएसटी भरून नंबर प्लेट बसवून घेतली होती, तेव्हा काचेवर आतून ते फिकट निळं स्टिकर लावलं होतं, ते पण नंबर प्लेटचाच तिसरा भाग आहे आणि काढताना आपोआप फाटतं अशीच त्याची बनावट आहे. काकांनी फाटलेले तुकडे कागदाला चिकटवून दिले, जपून ठेवलेत. नवीन स्टिकरसाठी ऑनलाइन अर्ज केलाय, अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची मिळालीय, तोपर्यंत ती पावती आणि काचेचं बिल दोन्ही ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलंय.