एक चौकट, एक गुंठा

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रातील सर्वांत बारीक चौकट जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, म्हणजे तिचे क्षेत्र १०० चौरस मीटर भरते. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित मोठा असतो. हा योगायोग असला तरी तो आपल्या फार सोयीचा आहे, कारण त्यामुळे हे चित्र गुंठ्यांच्या हिशेबात वाचता येते. कृष्णाकाठच्या आमच्या अडीच एकर रानाच्या साधारण शंभर चौकटी होतात. बांधावरच्या चौकटींत शेजारचे पीक, गवत आणि पायवाट मिसळते, म्हणून त्या सोडून द्याव्या लागतात. उरलेल्या सत्तर-पंचाहत्तर चौकटींवर मात्र विश्वास ठेवता येतो.

आमच्या उसाची आडसाली लागण जुलैतली. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी चित्र देतात आणि ते विनामूल्य मिळते, पण पावसाळाभर आमच्या रानावर बहुतेक वेळा ढगच दिसत होते. ढगांतून आरपार पाहणारे रडारचे उपग्रह आहेत. त्यांची चित्रे वाचणे मात्र वेगळे कौशल्य आहे आणि मला ते अजून साधलेले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिले स्वच्छ चित्र मिळाले, तेव्हा खालच्या कोपऱ्यातल्या सात चौकटी बाकीच्या रानापेक्षा स्पष्टपणे फिक्या दिसल्या.

हा रंग एनडीव्हीआय या निर्देशांकावरून येतो. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठवते. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की हा आकडा मिळतो. १९७०च्या सुमारास भारतीय शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या चमूने केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेऊन नारळाची रोगट झाडे ओळखली होती, त्यामागेही पानाचा हाच गुण होता. मात्र ऊस एकदा दाटला की हा आकडा वर जाऊन तिथेच थांबतो आणि बरा ऊस व उत्तम ऊस यांतला फरक दाखवेनासा होतो. त्यासाठी लाल आणि अवरक्त यांच्या मधल्या पट्ट्याचा निर्देशांक वापरतात, पण त्या पट्ट्याची चौकट २० मीटरची, म्हणजे चार गुंठ्यांची असते. म्हणूनच मोठ्या बांधणीच्या, म्हणजे उसाला मातीची भर देण्याच्या, आधीचे चित्र मला सर्वांत मोलाचे वाटते.

फिक्या चौकटींच्या मध्याचे अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये घालून मी सरीतून आत गेलो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल तीन ते पाच मीटर चुकतो, म्हणजे चौकटीच्या जवळजवळ निम्म्या रुंदीइतका. त्यामुळे एका चौकटीवर विसंबण्याऐवजी सातांच्या मधोमध उभे राहणे शहाणपणाचे ठरते. ही चूक दोन-तीन सेंटिमीटरांवर आणणारे आरटीके तंत्र आहे. त्यात नेमकी जागा ठाऊक असलेले एक स्थानक जीपीएससारख्या उपग्रहांच्या संदेशातली चूक मोजते आणि दुरुस्ती सतत पाठवत राहते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा स्थानकांचे जाळे महाराष्ट्रात उभे केले आहे. ट्रॅक्टरने सरळ सऱ्या पाडायच्या असतील तर ही अचूकता हवीच, खराब जागा शोधायला मोबाइल पुरतो.

तिथे उसाला फुटवे कमी होते आणि पाने पिवळसर पडली होती. युरिया कमी पडला असे माझे मत झाले होते आणि गड्याला पोते आणायला सांगण्याच्या मी बेतात होतो. तेवढ्यात वडील म्हणाले, “आधी खड्डा काढून बघ.” दोन फुटांवर कुदळीच्या घावासरशी पाणी पाझरू लागले. मुळ्या तांबूस-काळ्या होत्या आणि सरीच्या वरंब्यावर, जिथे ओल सुकली होती, तिथे मिठासारखा पांढरा थर बोटाला लागत होता. म्हणजे दोष खताचा नव्हता, पाणी तुंबून मुळ्या खराब झाल्या होत्या आणि क्षार वर आले होते. त्या जागी दिलेला युरिया वाया गेला असता. चित्राने जागा बिनचूक दाखवली, पण कारण खड्ड्यातच सापडले. उपग्रह पाहून थेट खताची मात्रा सांगतो असा दावा करणाऱ्या सेवांबाबत म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, मातीपरीक्षण आणि खड्डा यांवाचून त्या सल्ल्यावर पैसे घालू नयेत.

त्या रात्री मी तेच चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा फिका पट्टा आमच्या बांधापाशी थांबत नव्हता. शेजारच्या अण्णांच्या रानातून तो थेट ओढ्याच्या दिशेला गेला होता. सकाळी बांधावर बसून त्यांना चित्र दाखवत मी म्हणालो, “अण्णा, ही कड आमची आणि ही तुमची.” बराच वेळ त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवले. “इथनं जुना चर होता. माझ्या वडलांनी काढलेला,” ते म्हणाले. “गाळानं बुजला, मग आम्ही त्यावरच सऱ्या पाडल्या.” आमच्या एकट्याच्या रानात निचऱ्याचे सच्छिद्र पाईप घातले असते, तर पाण्याला ओढ्यापर्यंत वाटच मिळाली नसती. त्यांच्या खोडव्याला तोड आली की चर पुन्हा उकरायचा आणि खर्च दोघांनी निम्मा निम्मा करायचा, असे आमचे ठरले आहे.